लिथियमचा आकडा

"नॉर्मल हाय का?" हा प्रश्न मला दिवसातून किती वेळा ऐकावा लागतो, ते मोजायचं मी सोडून दिलंय. जालन्यात माझी रक्त-लघवी तपासण्याची लॅब आहे. शिक्षणानं मी पॅथॉलॉजिस्ट. गावाकडची माणसं 'रक्तवाल्या म्याडम' म्हणतात, आणि त्यात चुकीचं काही नाही. रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी ठळक अक्षरातला आकडा शोधतो. सापडला की तोंड उतरतं. नाही सापडला तर "मंग दुखून कामून राह्यलं?" म्हणत माझ्याशीच भांडायला बसतो.

पूर्वी मी हौसेनं समजावून सांगायची. आता कंटाळा येतो, खरंच सांगते. आकड्यांचा नाही, ते बिचारे गप्प असतात. त्यांच्या मागची खरी गोष्ट माणसांच्या तोंडून काढायची म्हणजे दमछाक होते. थायरॉइडची गोळी दोन महिने विसरलेली बाई तपासणीच्या आठवड्यात दोन-दोन गोळ्या खाऊन येते, शाळेतली पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडतात तशी. मग एक आकडा म्हणतो गोळी कमी पडतेय, दुसरा म्हणतो जास्त झालीय, आणि बाई म्हणते, "रोज घेते म्याडम, बिलकुल चुकत न्हाई." कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सकाळी आठच्या सुमाराला तपासायचं असतं, पण वाटूरची जीप भरल्याशिवाय हलत नाही. पेशंट दुपारी बाराला घामाघूम होऊन येतो आणि विचारतो, "आता घ्या ना रक्त, तेच तर हाय." शरीरातलं झिंक मोजायचं तर नळीसुद्धा वेगळी लागते. साध्या रबरी बुचाच्या नळीत घेतलं तर आकडा उडी मारतो. ते झिंक माणसाचं नसतं, बुचाचं असतं.

हे सगळं सांगायचं कारण एक सासू-सून. कुंभार पिंपळगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरून त्या दर तीन महिन्यांनी माझ्याकडे यायच्या. सून अठ्ठावीस-तीसची असेल. बाळंतपणानंतर तिचं मन ताळ्यावरून सुटलं होतं. झोप उडाली, बोलणं थांबेना, घरातली ज्वारी काढून आल्यागेल्याला वाटायला लागली. मग एकदम उलटं झालं. अंथरुणाला खिळली, लेकराकडेही बघेना. इथल्या मनोविकारतज्ज्ञांनी तिला लिथियम सुरू केलं आणि ते तिला लागू पडलं. तीन वर्षं झाली, पोरगी चार वर्षांची झाली, घर पुन्हा घरासारखं चाललं.

लिथियम हे मनाचा तोल सांभाळणारं औषध. गुणाला चांगलं, पण कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विष. मधली वाट अरुंद, म्हणून रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं, तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. ही बारा तासांची गोष्ट शिकलेल्या लोकांनाही मी दहादा सांगते. या सासूला एकदाच सांगितली. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला ती माझ्या बाकड्यावर हजर. त्यासाठी अंधारात घर सोडायचं, जीपनं घनसावंगीला यायचं आणि तिथून एसटी. उपाशीपोटी यायची गरज नाही असं मी प्रत्येक वेळी सांगायची, पण रक्त द्यायचं म्हणजे उपाशीच, हे त्या दोघींनी ठरवून टाकलं होतं. सुई टोचून झाली की सासू बाकड्यावरच भाकरीचं फडकं सोडायची.

सासू काटक, बोलायला कमी. गावात तिनं सांगून ठेवलं होतं की सुनेला रक्तवाढीची गोळी चालू आहे. गोळ्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली कमरेला, आणि गोळी रोज तिच्याच हातानं. सून तिला आत्याबाई म्हणायची. नात्यानं आत्या नव्हती, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. पण त्या दोघींकडे बघून आत्या-भाचीच वाटायच्या. एकीनं पदर सावरला की दुसरी आपोआप पिशवी धरायची.

जाता जाता सासू दर वेळी एकच विचारायची. "म्याडम, गोळी कधी सुटंल?"

"सुटायची घाई करू नका. चालू आहे तोवर बरं आहे."

"सुटली असती तर बरं झालं असतं," ती पुटपुटायची आणि पिशवी उचलायची. मीही पुढच्या पेशंटला हाक मारायची.

त्या वर्षी कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती. ऊन उन्हाळ्यासारखं तापत होतं, कापसाची वेचणी चालू होती. त्या दिवशी त्या दोघींबरोबर सुनेचा नवराही आला. तो शाळेत शिक्षक, एरवी कधी यायचा नाही. सून भिंत धरून चालत होती. कालपासून जुलाब होत होते, हात थरथरत होते, जीभ जड झाली होती, आणि मी विचारलं ते कळायला तिला वेळ लागत होता. रक्त घेतलं. तिचा आकडा नेहमी ०.७ यायचा, फार तर ०.८. त्या दिवशी २.१ आला.

इतका मोठा आकडा दिसला की मी आधी स्वतःच्या लॅबवर संशय घेते. हिरव्या बुचाची एक नळी असते, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं त्यातच लिथियम असतं. चुकून त्या नळीत रक्त घेतलं तर आपण पेशंटचं सोडून नळीचं लिथियम मोजत बसतो. पण नळी लाल बुचाचीच होती. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तेच. गोळी किती वाजता दिली? रात्री नऊला, सासू म्हणाली. दुखण्याच्या गोळ्या काही घेतल्या का, त्यानंही लिथियम चढतं. नाही. मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलं होतं, पण एवढा आकडा यावा इतकं नाही.

मी तिला लगेच रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात पाठवलं आणि तिच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, "गोळ्या जास्त घेतल्या असतील. या आजारात होतं असं. सलाईन लावायला सांगा, मी येतोच." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते.

सलाईन सुरू झाल्यावर नवरा परत माझ्याकडे आला, मागोमाग सासूही. तो टेबलापाशी उभाच राहिला.

"म्याडम, तिनं गोळ्या जास्ती खाल्ल्या ना?"

"आकडा जास्त आहे. का जास्त आहे ते अजून कळलेलं नाही."

"त्यात कळायचं काय हाय? तुम्ही फक्त रिपोर्टवर तेवढं लिहून द्या. तिच्या भावाला फोन केलाय मी. गाडी घेऊन निघालाय. दवाखाना झाला की घेऊन जाईल तिला."

"आणि मुलगी?"

"पोरगी आमच्याजवळच राहील. आज सोताचं असं केलं, उद्या पोरीचं काही केलं मंग? न्हाई म्याडम. तीन वर्षं सांभाळली. आता न्हाई होत."

तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता, आणि तीन वर्षं मनातल्या मनात घाबरतच राहिला असणार. तरी मला राग आला. आई आणि तिचं लेकरू यांच्या मध्ये भिंत घालायची होती त्याला, आणि विटा माझ्याकडून हव्या होत्या.

"मी गोळी मोजून देते रे," सासू मागून म्हणाली. "किल्ली माझ्या कमरंला हाय. एक गोळी इकडची तिकडं झाली न्हाई."

"आई, तू तिच्यावर पांघरूण घालू नको."

सासू बाकड्यावर बसली ती बसूनच राहिली. त्याला मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा, अजून एक तपासणी करते. दवाखान्यातून आम्ही सलाईन लावायच्या आधीच्या लघवीचा नमुना मागवून घेतला होता.

दुपारी दोनला डबा उघडला. मला ब्लडप्रेशर आहे. माझा डॉक्टर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे आणि मला दम देतो, म्हणून घरी माझी भाजी वेगळी निघते. त्या दिवशीची दोडक्याची होती. असली भाजी खाताना वाटतं, माणूस म्हातारपणी मरत नाही, अळणी खाऊन खाऊन कंटाळून जातो. दोन घास झाले असतील, तेवढ्यात सुनेच्या लघवीचा रिपोर्ट समोर आला. त्यात सोडियम जवळजवळ नव्हतंच.

सोडियम म्हणजे आपलं साधं मीठ, असं धरून चाला. शरीर नको असलेलं मीठ लघवीवाटे टाकून देतं. इतकं कमी मीठ माझ्या डब्यावर जगणाऱ्या माणसाचंसुद्धा बाहेर पडत नाही. तिला जुलाब झाले होते, त्यानंही मीठ कमी होतं. पण जुलाब कालपासूनचे होते, आणि हातांची थरथर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे असं सासूनंच सकाळी सांगितलं होतं. मी डबा तसाच झाकला आणि सासूला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"सून जेवते का नीट?"

"जेवते की. बराबर जेवते."

"मीठ खाते का?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पदराच्या काठाकडे.

"आई, मी काय विचारतेय?"

"ते सांगायचं नसतं म्याडम."

मग मला कळलं. नवस केला असेल तर तो फेडून होईपर्यंत बोलून दाखवायचा नाही, असं आमच्याकडे मानतात. बोललं की गेला. मी तीस वर्षं लोकांना विचारतेय, कोणती गोळी घेता, कधी घेता, कशाबरोबर घेता. देवाशी काय ठरवलंय, हे कुणी विचारायचं?

"सांगितलं नाही तर ती घरात राहणार नाही," मी म्हटलं. "सांगा."

तिनं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. घट बसले त्या दिवशी तिनं देवीपुढं हात जोडले. सुनेची गोळी सुटू दे, दोघी सासू-सुना दिवाळीपर्यंत मीठ तोंडात घालणार नाही. सुनेला तिनंच विचारलं, सून लगेच हो म्हणाली. आमटी शिजली की मीठ पडायच्या आधी दोघींच्या वाट्या बाजूला काढून ठेवायच्या, मग बाकीच्यांच्या आमटीत मीठ. भाकरीत आमच्याकडे तसंही मीठ नसतं. पुरुषमाणसं आधी जेवून उठतात, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. दसरा झाला, कोजागिरी झाली. दिवसभर उन्हात कापूस वेचायचा, घामावाटे होतं ते मीठही जायचं, आणि रात्री पुन्हा अळणी.

"पण त्या मिठाचा आन् गोळीचा काय संबंध?" तिनं विचारलं.

मी तिला सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. लिथियम हे मिठाचंच भावंड. शरीराला मीठ मिळेनासं झालं की मूत्रपिंड हाताला लागेल ते धरून ठेवतं, आणि मिठाबरोबर लिथियमही अडकून राहतं. गोळी रोज एकच, पण बाहेर जायची वाट बंद. रोजचं रोज रक्तात साचत जातं.

तिला ते कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

"म्हंजी मीच घातलं तिला हे."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"देवीला तर माहीत होतं," ती म्हणाली.

मी चप्पल घातली आणि तिला घेऊन दवाखान्यात गेले. खरं तर हे काम फोनवर होण्यासारखं होतं. पण तिला एकटीला पाठवायचा धीर झाला नाही.

सुनेचा भाऊ येऊन पोहोचला होता. खाटेपाशी उभा होता आणि बहिणीच्या नवऱ्याकडे बघायचं टाळत होता. सून जागी होती, सलाईन चालू होतं. मी नवऱ्याला सांगितलं की जास्तीच्या गोळ्या खाल्ल्याचं कशातही दिसत नाही. मीठ बंद झालं म्हणून आकडा चढला. दोन-तीन दिवसांत उतरेल.

"मीठ? आमच्या घरात अळणी कोण खाऊन राह्यलं? मी रोज तिथंच जेवतो."

"बायकांनी सोडलं होतं. नवस होता."

तो आईकडे वळला. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

पंधरवड्यात आईचाही चेहरा सुकला होता, ते मला आत्ता दिसत होतं. ती बोलायला गेली, तेवढ्यात खाटेवरून सुनेचा आवाज आला, जड आणि अडखळत.

"मीच धरलं. आत्याबाई नगं म्हणत होत्या."

"तू?"

"हां. गोळी सुटावी म्हणून. मंग त्यांनी माझ्यासाठी सोडलं."

सासूनं माझ्याकडे बघितलं. मला खरं माहीत होतं आणि तिला ठाऊक होतं की मला माहीत आहे. मला कुणी विचारलं नाही. सकाळपासून जिच्यावर गोळ्या खाल्ल्याचा आळ होता, ती नुकती कुठं त्यातून सुटली होती, आणि सुटल्या सुटल्या तिनं दुसरा आळ स्वतःहून डोक्यावर घेतला. तिथल्या स्टुलावर मी बसूनच घेतलं.

नवसाशी भांडायचं कसं, ते नवऱ्याला माहीत नसावं. गोळ्या खाणारी बायको त्याला घरात नको होती, पण नवस धरणारी बायको तर घरोघर असते. शेवटी तो मेहुण्याला म्हणाला, "पाहुणे, तुम्हाला उगं धावपळ झाली. चला, चहा घेऊ." दोघं खाली गेले. सासू खाटेच्या कडेला टेकली आणि सुनेच्या पायावरची चादर सारखी करत राहिली. त्यांचं आपसांत काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी निघून आले. लॅबमध्ये माणसं खोळंबली होती. त्यांतल्या पहिल्यानंच विचारलं, नॉर्मल हाय का.

रिपोर्टवर मी लिहिलं की प्रमाण वाढलं ते आहारातलं मीठ बंद झाल्यामुळे, गोळ्यांची मात्रा बदललेली नाही. चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. तज्ज्ञांनी दोन दिवसांनी गोळी पुन्हा चालू केली, आणि दिवाळीच्या तोंडावर परत तपासून घ्या म्हणून माझ्याकडे पाठवलं.

दोघी नेहमीसारख्या सकाळी नऊला हजर. सुनेचा हात टेबलावर स्थिर होता. पोरीचं विचारलं तर म्हणाली, दिवाळीच्या कपड्यांसाठी रुसून बसली होती, बापानं काल नवा फ्रॉक आणला तेव्हा हसली. एवढं ऐकलं आणि मला बरं वाटलं, मग पुढचं काही विचारलं नाही. तासाभरानं आकडा आला, ०.७. सांगायला बाहेर आले तर बाकड्यावर फडकं सोडलेलं. सुनेपुढं भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. सासूपुढं नुसती भाकरी.

"तुम्ही ठेचा नाही घेत?" मी विचारलं.

"माझं चालूच हाय म्याडम. देवीला सांगितलं मी, तिच्या वाट्याचंबी मीच फेडते. दिवाळीपर्यंत बोलले होते, आता देवदिवाळीपर्यंत करीन. गोळी सुटंल तिची."

मी तोंड उघडलं होतं. तुमचं वय, हे ऊन, असलं काहीतरी बोलणार होते. पण सून आधी बोलली. भाकरीचा हात तिनं फडक्यावर ठेवला होता.

"आत्याबाई, तुम्ही मीठ खाणार नसाल तर मी आज रातची गोळी घेणार न्हाई."

"असं बोलू नये."

"न्हाईच घेणार. उद्याची पण न्हाई."

सासूनं मदतीला माझ्याकडे बघितलं. जिनं देवीपाशी गोळी सुटायचं मागितलं होतं, तिला आता गोळी सुटायचीच धास्ती बसली होती. मी रिपोर्टवर सही करत उभी राहिले. मला या दोघींच्या मध्ये पडायचं नव्हतं, आणि सुनेची बाजू माझ्यापेक्षा ती स्वतःच चांगली मांडत होती.

म्हातारीनं डोळे मिटले. ओठ जरासे हलले, देवीला काय सांगितलं असेल ते असो. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि तोंडात घातला. बराच वेळ चघळत राहिली.

"खारट झालाय," ती म्हणाली आणि ठेच्याची वाटी सुनेकडे सरकवली.